गॅसचा वास आला तर हात आधी कुठे जातो?

नागपंचमीनंतरचा रविवार म्हणजे आम्हा खान्देशातल्या घरांचा कानबाई देवीचा दिवस. सुरत, नाशिक, पुण्याला पांगलेली भावकी त्या दिवशी गावी येते, रोटांसाठी गहू मोजले जातात, रात्रभर कानबाईपुढे दिवा तेवतो आणि सोमवारी सकाळी तिला वाजतगाजत नदीवर नेतात. काही वर्षांपूर्वी अशाच एका रविवारी, ऐन पुरणाची डाळ शिजत असताना अमळनेरकडच्या आमच्या घरात गॅसची टाकी संपली. चुलतभावाने भरलेली टाकी आणून लावली, रेग्युलेटर चालू केला, आणि तेवढ्यात आरतीची हाक आली म्हणून सगळे मधल्या खोलीत गेले. स्वयंपाकघर रिकामं राहिलं.

आरती संपवून मोठी माय मागच्या दारी पाय धुवायला गेली आणि तिथूनच ओरडली, "माय वं, गॅसना वास यी ऱ्हायना!"

भाऊ धावत आत गेला. गेल्या गेल्या त्याचा हात पंख्याच्या बटणाकडे गेला. वास घालवायचा तर पंखा लावायचा, एवढाच विचार त्याच्या डोक्यात. मोठी मायने त्याचं मनगट धरलं. "बटन नको दाबजो!"

त्या मनगटावरच्या पकडीमुळे मी आज हे लिहू शकते. मोठी माय चौथीपर्यंत शिकलेली. पण गॅस घेतला तेव्हा एजन्सीच्या माणसाने ओसरीत बसून जे सांगितलं होतं, ते तिच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. आम्ही शिकलेली माणसं मात्र नुसती उभी होतो. नंतर मी या विषयाच्या मागे लागले, बरंच वाचलं, मेकॅनिकांना विचारलं, आणि एक गोष्ट माझ्या लक्षात आली. 'हे करा, ते करू नका' अशी यादी घाबरलेल्या माणसाला आठवत नाही. पण गॅस बाहेर आल्यावर कुठे जातो आणि बटणात काय होतं, हे एकदा समजलं की हात आपोआप थांबतो. म्हणून आधी तेवढं नीट समजून घेऊ.

टाकीत नुसता वायू नाही, द्रव आहे

टाकी हलवली की आत काहीतरी डुचमळतं. तो गॅसच, पण दाबाखाली द्रव झालेला. प्रोपेन आणि ब्युटेन या दोन वायूंचं ते मिश्रण. घरगुती टाकीत तो १४.२ किलो असतो, म्हणजे पंचवीस लीटरच्या थोडा वर. हा द्रव मोकळ्या हवेत आला की त्याचा वायू होतो आणि तो जवळजवळ २५० पट जागा व्यापतो.

दुसरी गोष्ट याहून महत्त्वाची. हा वायू हवेपेक्षा जड आहे, दीडपट ते दुप्पट. धूर वर जातो, वाफ वर जाते, म्हणून आपल्याला वाटतं गॅसही वर जात असेल आणि वरच्या झरोक्यातून निघून जाईल. तसं होत नाही. हा गॅस सांडलेल्या पाण्यासारखा वागतो. ओट्यावरून खाली उतरतो, फरशीवर पसरतो, उताराकडे सरकतो, मोरीत शिरतो, मोरीतून गटारात जातो, ट्रॉलीच्या खालच्या कप्प्यात साचतो. आपल्या जुन्या धाब्याच्या घरांना चांगला वीतभर उंबरठा असतो. पाणी आत येऊ नये म्हणून केलेला तो बांध गॅसला बाहेरही जाऊ देत नाही.

थोडा हिशेब करून बघू. दहा फूट बाय दहा फुटांचं स्वयंपाकघर घ्या आणि त्यातला जमिनीलगतचा फक्त एक फुटाचा थर घ्या. त्यात सुमारे २,८०० लीटर हवा मावते. हा गॅस हवेत साधारण २ टक्के झाला की पेट घेऊ शकतो. २,८०० चे २ टक्के म्हणजे ५६ लीटर वायू, आणि तेवढा वायू व्हायला द्रव लागतो पाव लीटरहून कमी. दोन कप चहाएवढा. भरलेल्या टाकीतून तेवढा गेला तर वजनात कुणाच्या लक्षातही येणार नाही.

या हिशेबाने मला खरोखर हादरवलं. स्वयंपाकघर गॅसने भरून जाईल तेव्हा धोका, अशी माझी समजूत होती. प्रत्यक्षात उभ्या माणसाला वास सौम्य वाटत असताना त्याच्या पोटऱ्यांभोवतीची हवा पेटण्याजोगी झालेली असू शकते. जमिनीवर चूल असेल, पाटावर समई असेल, तर ती नेमकी त्याच थरात असते.

वास मुद्दाम घातलेला आहे

या गॅसला स्वतःचा रंग नाही, म्हणण्यासारखा वासही नाही. सडक्या कोबीसारखा, नासलेल्या अंड्यासारखा जो वास येतो तो एथिल मरकॅप्टन नावाच्या रसायनाचा. ते अगदी थोडं मिसळतात, पण आपलं नाक त्याला इतकं तिखट आहे की पेटण्याच्या पातळीच्या पुष्कळ आधी वास यावा. गॅसला वास हवाच, हे जगाने फार मोठी किंमत देऊन शिकलं. १८ मार्च १९३७ रोजी अमेरिकेत टेक्सासमधल्या न्यू लंडन गावच्या शाळेत तळघरात बिनवासाचा नैसर्गिक वायू साचला आणि स्फोट झाला. जवळपास ३०० मुलं आणि शिक्षक गेले. त्यानंतर वायूत वास मिसळण्याचे कायदे झाले.

म्हणून वास आला की 'असेल काहीतरी' म्हणू नका. पण नाकावर पूर्ण भिस्तही ठेवू नका. एकाच वासात दहा-पंधरा मिनिटं बसलं की नाक त्याला सरावतं आणि वास 'गेला' असं वाटतं. सर्दी असेल, वय झालेलं असेल, तपकीर-मिश्रीची सवय असेल, तर वास उशिरा कळतो. त्यात आपलं जेवण! लसणाची फोडणी बसलेली आहे, काळ्या मसाल्याची शेवभाजी उकळते आहे, शेजारी भरताची वांगी भाजली जात आहेत, अशा घरात मरकॅप्टन सहज लपतो. स्वयंपाक करणाऱ्या बाईला कळायच्या आधी बाहेरून आलेल्या माणसाला कळतं ते यामुळेच. बाहेरून आलेलं पोर म्हणालं, "आई, कसला वास येतोय?" तर त्याला गप्प करू नका.

टाकी संपत आली की वास वाढतो, हा अनुभव पुष्कळ बायका सांगतात आणि तो खरा आहे. मरकॅप्टन गॅसपेक्षा सावकाश उडतो, त्यामुळे तळाशी राहिलेल्या द्रवात त्याचं प्रमाण वाढत जातं. पण 'टाकी संपत आली असेल' म्हणून गळतीचा वास सोडून दिला जातो तोही इथेच. टाकी संपत आली असो वा नसो, तपासायचं.

बटणाच्या आत काय होतं

बटण दाबतो तेव्हा आत धातूच्या दोन पट्ट्या एकमेकींना भिडतात किंवा सुटतात. त्या क्षणी त्यांच्यात बारीकशी ठिणगी उडते. अंधारात जुनं बटण दाबलं तर कधी कधी दिसतेसुद्धा. गॅस पेटायला तेवढी पुरते. थंडीत स्वेटर काढताना जो चटका बसतो, त्यातली ऊर्जासुद्धा पुरू शकते.

आणि लक्षात ठेवा, ठिणगी दिवा लावतानाही पडते आणि बंद करतानाही. म्हणून 'लाइट बंद करा, पंखा बंद करा' ही सूचना चुकीची आहे. जे चालू आहे ते चालू राहू द्या, जे बंद आहे ते बंद. पंखा फिरत असेल तर फिरू द्या, ट्यूब चालू असेल तर तिला हात लावू नका. दारावरची बेल दाबू नका. मिक्सर, एक्झॉस्ट, कूलर, सगळ्यांना हाच नियम.

काही ठिणग्या मात्र आपण न करता होतात. फ्रीज स्वतःच चालू-बंद होतो. लाइट गेलेली असते आणि परत येते, तेव्हा घरातली चालू राहिलेली सगळी उपकरणं एकदम सुरू होतात. इन्व्हर्टर मध्येच चालू होतो. आपल्याकडे या गोष्टी रोजच्या. शिवाय नळाला पाणी आलं की मोटर लावायची घाई, तीही पहाटेच्या अंधारात. रात्रभर बारीक गळती झालेल्या घरात दिवसाचं पहिलं बटण हे मोटरचं असतं, किंवा स्वयंपाकघरातल्या दिव्याचं. झोपायच्या आधी रेग्युलेटर बंद करायची सवय का लावायची, ते इथे कळावं.

मेन स्विच बंद करायचा की नाही? तो घराबाहेर असेल, तिथे अजिबात वास नसेल, तर जरूर बंद करा. फ्रीज आणि परतणारी लाइट, दोन्हींचा प्रश्न मिटतो. मेन स्विच आत असेल, स्वयंपाकघराच्या भिंतीवर असेल, तर त्याच्याकडे वळूच नका. तोही शेवटी एक बटणच.

गॅस पेटायला त्याचं हवेतलं प्रमाण किती लागतं, हेही इथे सांगायला हवं. साधारण २ टक्क्यांच्या खाली तो पेटत नाही आणि साडेनऊ टक्क्यांच्या वरही पेटत नाही, कारण तिथे प्राणवायू अपुरा पडतो. त्यामुळे टाकीच्या तोंडाशी गॅस दाट असला तरी पेटण्याजोगा भाग थोडा दूर, कडेला असतो. आग म्हणूनच पुष्कळदा टाकीपाशी लागत नाही. ती अंगणातल्या बंबापाशी, शेजारच्या चुलीपाशी लागते आणि जमिनीवरून धावत मागे घरात येते.

त्या रात्री आम्ही काय केलं, आणि तुम्ही काय करावं

मोठी मायने पहिल्यांदा सगळ्यांना बाहेर काढलं. मुलं, म्हातारे, झोपलेली बाळं. जोरजोरात ओरडून, दारं ठोठावून. चपला, पाकिटं, दागिने शोधत बसायचं नाही.

स्वयंपाकघराचं मागचं दार आधीपासून उघडं होतं, वास बेताचा होता आणि फुसफुस बारीक होती. म्हणून भाऊ आत गेला, शेगडीच्या कळा बंद आहेत हे पाहिलं आणि रेग्युलेटर बंद केला. फुसफुस थांबली. मग काळी रिंग वर उचलून त्याने रेग्युलेटर काढला आणि टाकीच्या तोंडावर तिचं प्लॅस्टिकचं झाकण दाबून बसवलं. या टाकीची झडप स्प्रिंगवर बसलेली असते, रेग्युलेटर निघाला की ती आपोआप मिटते. झाकण हा तिच्यावरचा दुसरा बंदोबस्त. ते नव्या टाकीबरोबर येतं आणि आपण पहिल्याच दिवशी कुठेतरी भिरकावतो. ते दोऱ्याने टाकीला बांधलेलंच असतं, दोरा तोडू नका.

इथे मला माझं मत स्पष्ट मांडायचं आहे. आत जाऊन रेग्युलेटर बंद करणं हे प्रत्येक वेळी करायचं काम नाही. वास सौम्य आहे, रेग्युलेटर चार पावलांवर आहे, परत यायची वाट मोकळी आहे, तरच. आवाज मोठा असेल, टाकीभोवती पांढरं धुकं दिसत असेल, खोलीत शिरताच डोळे चुरचुरत असतील किंवा गरगरत असेल, तर कुणीही आत जायचं नाही. कर्त्या पुरुषाने तर नाहीच नाही. आपल्याकडे अशा वेळी घरातला मोठा माणूस 'थांबा, मी बघतो' म्हणून आत शिरतो, आणि मागे बायको-पोरं दारात उभी राहतात. टाकी परत मिळते. पांढरं धुकं म्हणजे द्रव थेट बाहेर येतो आहे, आणि त्याचे अडीचशे पट होत आहेत.

दारं-खिडक्या उघडायच्या त्याही जाता जाता, वाटेवरच्या. दारं जास्त महत्त्वाची, कारण गॅस खाली आहे आणि दार जमिनीपर्यंत असतं. मागचं-पुढचं दोन्ही उघडली तर वारा आरपार जातो. उन्हाळ्यात भुसावळ-जळगावचा पारा पंचेचाळिशी ओलांडतो तेव्हा आपण दुपारी घर गच्च बंद करून, पडदे ओले करून, कूलर लावून पडतो. त्या बंद घरातली गळती सगळ्यात वाईट. निदान स्वयंपाकघराचं मागचं दार फटीपुरतं तरी उघडं ठेवत जा.

मग प्रश्न आला दिव्याचा. कानबाईचा दिवा रात्रभर विझू द्यायचा नसतो. मधल्या खोलीत अजून वास पोहोचला नव्हता. आम्ही सगळे एकमेकांकडे बघत राहिलो. मोठी माय आत गेली, वात बोटांच्या चिमटीत धरून तिने दिवा शांत केला, उदबत्ती पाण्यात बुडवली आणि बाहेर येऊन म्हणाली, "कानबाईले समदं कळस." ज्या खोलीत वास नाही तिथली ज्योत जाता जाता विझवावी, हे बरोबरच. पण दिवा वासाच्या पलीकडे असेल, तिथे पोहोचायला वासातून जावं लागत असेल, तर तो तसाच सोडून बाहेर पडायचं.

अंगणात आल्यावरही काम संपलं नव्हतं. शेजारी पाणी तापवायचा बंब धगधगत होता, त्यांना हाक मारून त्यातला विस्तव विझवायला लावला. एक पाहुणा दारातच मोटारसायकलला किक मारायला निघाला होता, एजन्सीच्या माणसाला आणतो म्हणून. त्याला थांबवून गाडी हाताने ढकलत लांब न्यायला लावली. बिडी-सिगारेट हे तर सांगायलाच नको, पण सांगावं लागतं. घाबरलेला माणूस आधी बिडी काढतो.

फोन मारुतीच्या पारावरून केला. १९०६ हा गॅसगळतीसाठीचा नंबर आहे, चोवीस तास चालतो, टाकी इंडेन, भारतगॅस, एचपी यांपैकी कुठलीही असो. आग लागली असेल किंवा गळती आवाक्याबाहेर असेल तर १०१ किंवा ११२. मोबाइलसुद्धा घरात वापरू नका, फोन नेहमी बाहेर, लांब जाऊन करा. आत उभं राहून पत्ता सांगण्यात जी दोन मिनिटं जातात, ती तुम्ही गॅसमध्ये काढत असता.

तास-दीड तासाने मेकॅनिक आला. तोवर आम्ही कुणालाही आत जाऊ दिलं नाही. त्याने टॉर्चने टाकीच्या तोंडात पाहिलं आणि सांगितलं, वायसर नाही. झडपेच्या आत रबराची एक बारीक काळी रिंग असते, तिला आपल्याकडे सगळे वायसर म्हणतात. रेग्युलेटर आणि टाकी यांच्यातली फट ती बुजवते. ती नव्हती, म्हणून रेग्युलेटर चालू करताच गॅस बाजूने निसटत राहिला. करंगळीच्या अंगठीएवढा रबराचा तुकडा.

झाकण लावूनही गळत असेल तर

रेग्युलेटर काढला, झाकण लावलं आणि तरी वास येतो आहे, तर झडपच बिघडलेली आहे. गळती अगदी बारीक असेल आणि दोन माणसं मिळून टाकी सहज बाहेर नेऊ शकत असतील, तर ती उघड्या जागी, विस्तव आणि गटारापासून दूर ठेवावी. ती उचलून न्यायची. फरशीवरून ओढायची नाही, घरंगळवायची नाही. लोखंड दगडावर घासलं की ठिणगी पडू शकते. आणि टाकी कायम उभी ठेवायची. आडवी केली की झडपेपाशी वायूऐवजी द्रव येतो आणि गळती कित्येक पटींनी वाढते. एवढं जमण्यासारखं नसेल तर टाकी आत राहू द्या, तुम्ही बाहेर या.

टाकीच्या तोंडाशी ज्योत पेटली असेल तर? रेग्युलेटरपर्यंत हात सुरक्षित पोहोचत असेल तर तो बंद करणं हाच उपाय, गॅस थांबला की ज्योत विझते. गॅस थांबवता येत नसेल तर नुसती ज्योत विझवू नका. विझलेल्या ज्योतीतून गॅस येतच राहतो, खोलीत साचतो आणि पुढची ठिणगी सगळ्या खोलीला पेटवते. प्रात्यक्षिकांत ओलं गोणपाट टाकून आग विझवताना दाखवतात, पण दाखवणारे शिकलेले असतात आणि लगेच झडप बंद करतात. ज्याने ते स्वतः कधी केलेलं नाही, त्याने सगळ्यांना घेऊन लांब जावं आणि अग्निशमन दलाला बोलवावं. तापत राहिलेली टाकी फुटू शकते, म्हणून बघ्यांनाही लांब पिटाळा.

कुणी भाजलं तर भाजलेल्या जागेवर नळाचं किंवा माठातलं साधं पाणी २० मिनिटं ओतत राहा, आणि १०८ ला फोन करा. टूथपेस्ट, हळद, शाई, बर्फ यांपैकी काही नको. चिकटलेला कपडा ओढून काढू नका.

चूल आणि शेगडी शेजारी शेजारी

१ मे २०१६ ला उज्ज्वला योजना सुरू झाली आणि धडगाव-अक्कलकुव्याच्या पाड्यांपासून तापीकाठच्या शेतमजुरांच्या घरांपर्यंत टाकी पोहोचली. धुराने डोळे गेलेल्या बायकांसाठी ही फार मोठी गोष्ट झाली. पण चूलही राहिली, कारण भाकरी चुलीवरची, पऱ्हाटी म्हणजे कपाशीच्या वाळक्या काड्या फुकटच्या आणि टाकी महागाची. एकाच खोलीत, एकाच जमिनीवर, तीन-चार हातांवर चूल आणि टाकी. गॅस जमिनीवरून वाहतो हे वाचल्यावर या चित्राकडे वेगळ्या नजरेने बघा. जमलं तर चूल अंगणात हलवा. ते नाही जमलं, तर चूल पेटलेली असताना टाकी बदलायची नाही, एवढं तरी घरातल्या प्रत्येकाला सांगा. शेगडी जमिनीवर आणि टाकी तिच्या बाजूला, अशी मांडणीही टाळायची. शेगडी टाकीच्या तोंडापेक्षा उंचावर हवी. चार विटा आणि एक शहाबादी, एवढ्यात ओटा होतो.

आखाजीला म्हणजे अक्षय्य तृतीयेला, लग्नात, कानबाईला एकाच घरात तीन-तीन टाक्या जमतात आणि त्या लावायला जो मोकळा असेल तो धावतो. अशा दिवशी टाकी लावायचं काम एकाच जाणत्या माणसाकडे द्या. आमच्या घरी आता तसंच आहे.

सुरतेला किंवा पुण्याला नळाने येणारा गॅस असतो, तो वेगळा. तो मुख्यतः मिथेन, हवेपेक्षा हलका, म्हणून छताकडे जातो आणि तिथे वरच्या खिडक्या कामाच्या. बटणांचा नियम मात्र तोच. घराजवळची चावी बंद करायची आणि बाहेर जाऊन त्या कंपनीच्या तातडीच्या नंबरावर फोन करायचा. आणखी एक धोका वासाशिवाय येतो, तो गॅस गीझरचा. बंद न्हाणीघरात गॅस अर्धवट जळला की कार्बन मोनॉक्साइड तयार होतो. त्याला वास नाही, गुदमरल्यासारखंही वाटत नाही, माणूस सरळ बेशुद्ध होतो. गीझर न्हाणीघराच्या बाहेर बसवा. आत असेल तर बादली भरून घ्या, गीझर बंद करा, मग दार लावा.

टाकी दारात आली की

गाडीवरचा माणूस घाईत असतो, तरी त्याला दोन मिनिटं थांबवा. तो तुमचा हक्क आहे. सील बघा, वजन करून घ्या. झाकण काढून झडपेत वायसर आहे का, फाटलेला नाही ना, ते बघायला सांगा. झडपेत थोडं पाणी टाकून बुडबुडे येतात का हेही तो दाखवू शकतो. टाकीच्या वरच्या कड्याला जोडणाऱ्या उभ्या पट्ट्यांपैकी एकीवर आतून एक इंग्रजी अक्षर आणि वर्ष रंगवलेलं असतं, उदाहरणार्थ 'बी-२८'. ए म्हणजे जानेवारी ते मार्च, बी एप्रिल ते जून, सी जुलै ते सप्टेंबर, डी ऑक्टोबर ते डिसेंबर. त्या तिमाहीपर्यंत त्या टाकीची पुढची चाचणी व्हायला हवी. मुदत उलटून गेलेली टाकी घेऊ नका, बदलून मागा.

नारिंगी नळी दर पाच वर्षांनी बदला. तिच्यावर तारीख छापलेली असते. नळी दीड मीटरपेक्षा लांब नको, मध्ये जोड नको, आणि ती तेलकट होते म्हणून तिच्यावर कापड गुंडाळू नका, कारण त्याखाली पडलेली चीर दिसत नाही. धान्याची पोती असलेल्या घरात उंदीर असतातच आणि ते नळी कुरतडतात, म्हणून महिन्यातून एकदा ती दोन्ही टोकांशी वाकवून बघा. शंका आली तर साबणाचं पाणी. वाटीत साबण चांगला खळबळवा आणि फेस बोटाने नळीच्या जोडांवर, रेग्युलेटरभोवती लावा. फुगे वाढत गेले तर तिथे गळती आहे. काडी ओढून बघणारे लोक मी पाहिलेत. कृपा करून तसं कधीही करू नका.

त्या रात्री मेकॅनिकने नवा वायसर बसवला, साबण लावून दाखवला आणि वास पूर्ण जाईपर्यंत आम्हाला अंगणातच थांबवलं. बारा वाजून गेले होते. ओट्याखालचे कप्पे, कोपरे, मोरी, सगळीकडे वाकून वास घेतल्यावर मोठी मायने मधल्या खोलीत कानबाईचा दिवा पुन्हा लावला आणि उरलेलं पुरण शिजवायला घेतलं. दुसऱ्या वर्षी भावाने स्वयंपाकघरातली सगळी बटणं काढून दाराबाहेरच्या भिंतीवर घेतली. १९०६ हा आकडा ओसरीत, बाहेरच्या बाजूला, गेरूने मोठा लिहिलेला आहे. आणि अजूनही भरलेली टाकी उंबरठ्याच्या आत यायच्या आधी आतून आवाज येतोच, "वायसर पाहिलं का रे भाऊ?"